पुढं बसणारा

तेजस्विनीचं पत्र दिवाळी सरता सरता आलं होतं. आता होळी तोंडावर आली, तरी सावळीराम आहेरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ही गोष्ट त्यांच्याशिवाय फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती. पण आशाबाईंना एखादी गोष्ट ठाऊक असणं म्हणजे ती रोज निघणं.

"त्या देवळ्याच्या बाईला काय कळवलंत?" पोळी लाटता लाटता त्या विचारायच्या.

"लिहितोय," म्हणून सावळीराम चष्मा पुसायला घ्यायचे.

"लिहिताय कुठं, फाडताय. परवा रद्दीवाला विचारत होता, साहेबांकडं एवढे कपटे कसले निघतात म्हणून."

सावळीराम नाशिकरोडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. माणसांपेक्षा त्यांना पुस्तकं बरी वाटत, कारण पुस्तकं उलट विचारत नाहीत. वाचकानं नाव सांगितलं की ते मुकाट उठत आणि पुस्तक आणून समोर ठेवत. "छान आहे का हो हे?" असं कोणी विचारलं, तर कानाच्या पाळ्या लाल करून म्हणत, "तुम्हीच ठरवा." अशा माणसानं उभ्या जन्मात एकच लेख लिहिला होता. निवृत्तीनंतर, एका छोट्या दिवाळी अंकात, आणि तोही संपादकानं पुन्हा पुन्हा फोन केला म्हणून. विषय होता, अंगात येणाऱ्या देवाची बोली.

ती बोली त्यांनी लहानपणी सटाण्याकडच्या मामाच्या गावी ऐकली होती. देवीचं वारं आलं, की देवी ज्या बाईच्या तोंडून बोलते तिला ती 'माझं झाड' म्हणते. घराला 'वाडी' म्हणते, लेकराबाळांना 'वेल'. ती कधी 'मला हवं' म्हणत नाही, 'वाडीत नाही' असं म्हणते आणि ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. हे सगळं सावळीरामांनी नेमकं लिहिलं होतं. त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दर रविवारी एक ताई डोळे मिटून अदृश्य मार्गदर्शकांचे संदेश सांगतात, तिथंही ते एकदा मागच्या खुर्चीवर बसून आले होते. ते मार्गदर्शक हिंदीत बोलत आणि स्वतःला 'हम' म्हणत. सावळीरामांनी तेही लेखात घेतलं, की बोली बदलते, पण ढंग तोच राहतो. लेखाच्या शेवटाकडे एक वाक्य होतं: 'नवं झाड पाहिलं आहे, असं वारं म्हणालं, की झाडाचा वारस ठरला असं समजावं.'

त्याच वाक्यानं घात केला होता.

तेजस्विनीनं लिहिलं होतं, 'सर, माझ्या सासूबाई बायडाबाई यांच्या अंगात देवीचं वारं येतं. गावाचा विश्वास आहे आणि माझाही आहे. गेल्या नवरात्रात वारं म्हणालं की माझं झाड थकलं, नवं झाड मी पाहून ठेवलंय, ते याच वाडीतली कोवळी फांदी आहे. आमच्या घरात कोवळी म्हणजे माझी आरोही. ती नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मिस्टरांनी, अमोलरावांनी, तुमचा लेख वाचला आणि ते वाक्य लाल पेनानं अधोरेखित केलं. आता चैत्रात तिला गडावर नेऊन ओटी भरायची आणि घरी आणायचं ठरलं आहे. झाडानं गाव सोडायचं नसतं. देवी खोटं बोलली असं मला म्हणायचं नाही. पण ती हेच बोलली का, एवढं तुम्ही सांगा.'

काय सांगायचं? देवीचं म्हणणं खरं म्हणावं, तर एका मुलीचं शिक्षण आपल्या हातानं मोडायचं. खोटं म्हणावं, तर जिच्यावर सगळा गाव विसंबून आहे त्या म्हाताऱ्या बाईला ढोंगी ठरवायचं, आणि तसं सावळीरामांना वाटतही नव्हतं. शिवाय आपण कोण? ना भगत, ना प्राध्यापक. मग चष्मा पुसायचा आणि कागद फाडायचा.

होळीला आठवडा उरला असताना एका सकाळी दारावरची घंटा वाजली. दारात पाठीला सॅक लावलेली, उन्हानं लाल झालेली मुलगी उभी होती.

"सावळीराम आहेर सर इथंच राहतात ना? मी आरोही. तुम्हाला देवळ्याहून पत्र आलं होतं, त्यातली."

सावळीरामांच्या हातातला पेपर खाली गेला. आशाबाई मात्र पदराला हात पुसत पुढे आल्या.

"ये गं बाई, ये. तुझी वाट यांच्यापेक्षा मीच जास्त पाहिली."

"आई म्हणते, सरांचा पत्ता बदलला असेल, नाहीतर त्यांनी उत्तर दिलंच असतं," आरोही आत येत म्हणाली. "मी म्हटलं, जाऊन बघते तरी."

"पत्ता तोच आहे," सावळीराम पुटपुटले.

"पत्ताही तोच आणि माणूसही तोच," आशाबाई म्हणाल्या. "म्हणून तर उत्तर नाही. चहा घेतेस ना?"

मुलगी रडायला आली नव्हती. तिनं चहात बिस्किट बुडवलं आणि सरळ सांगितलं, "आजोबा, मला देवी नकोय असं नाही. लहानपणापासून आजीच्या मांडीजवळ बसून मी अंगारा घेतलाय. पण मला कॉलेज सोडायचं नाही. बाबांना काही म्हटलं की ते तुमचा लेख काढतात. छापलेलं आहे म्हणतात. घरात माझ्या मार्कशीटपेक्षा तुमच्या लेखाला जास्त मान आहे."

सावळीरामांनी खिडकीकडे पाहिलं. आपण लिहिलेलं एक वाक्य शंभर किलोमीटरवरच्या घरात जाऊन न्यायाधीशासारखं बसलं आहे, ही कल्पना त्यांना सोसवेना.

"तेव्हा नेमकं काय म्हणाली देवी?" त्यांनी विचारलं.

"ऐका ना. हर्षलदादानं रेकॉर्ड केलं होतं. माझा चुलतभाऊ. घरच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हापासून आत्या रोज सकाळी लावते, पोथीसारखं."

तिनं फोन टेबलावर ठेवला. टाळांचा गजर एकदम थांबला आणि एक घोगरा, ठाम आवाज आला. तो खास बागलाणी अहिराणीत बोलत होता. सावळीरामांच्या अंगावर काटा आला, कारण ही भाषा त्यांनी मामाच्या गावानंतर अशी तोंडून ऐकलीच नव्हती.

"मनं झाड थकी गयं. नवं झाड मी देखी ठेयेल शे. मन्ही वाडीमाच शे. कवळी डांग शे."

"होय माय," बरीच माणसं एकदम म्हणाली.

मग शांतता. कोणीतरी खोकलं. कुठंतरी भांडं पडलं. आणि मग तोच आवाज पुन्हा, तेच शब्द, जरा चढून. पुन्हा 'होय माय.' पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. तिसऱ्यांदा तेच शब्द आले, पण आवाजात कंटाळा होता. "मंग जास मी," मग जाते मी, असं तो म्हणाला, आणि टाळ पुन्हा सुरू झाले.

"पुन्हा लाव," सावळीराम म्हणाले.

तिनं लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. शब्द त्यांना केव्हाच पाठ झाले होते. आता ते शब्दांच्या मधली जागा ऐकत होते.

"इथं ती गप्प का झाली?"

"दम लागला असेल. आजीला दमा आहे."

"दम लागलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो, बाळ. इथं श्वास शांत आहे. ती थांबली आहे. कोणीतरी बोलावं म्हणून थांबली आहे."

हे ते इतक्या सहज बोलले, की आशाबाईंनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून पाहिलं.

सावळीरामांना कोंडाजी आठवला होता. मामाच्या गावी देवीचं वारं आलं, की झाडाच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, कोंडाजी नावाचा शेतकरी बसायचा. त्याला 'पुढं बसणारा' म्हणत. पूजा करणं, धूप घालणं हे त्याचं काम नव्हतं. त्याचं काम देवीशी बोलण्याचं. एकदा देवीनं बोकड मागितला, तेव्हा सारं गाव हात जोडून बसलेलं असताना कोंडाजी तंबाखू मळत म्हणाला होता, "माय, तुले बोकड पाहिजे, मले सून पाहिजे. एकाच सालमा दोन्ही कसं जमी? एक तू मांगे ले." एक मागणं मागे घे, असं हा देवीलाच सांगतो म्हटल्यावर लहानग्या सावळीरामला वाटलं, आता देवी याला भस्म करणार. पण देवी खळखळून हसली आणि नारळावर आली. यात कोणाला उद्धटपणा दिसला नाही. उलट कोंडाजी तापानं फणफणलेला असताना त्याची बायको समोर बसली, तेव्हा देवीच म्हणाली, आज बोलायला कोणीतरी आहे. आणि बोलणं संपलं, की कोंडाजी म्हणायचा, "ठरनं का माय?" देवी म्हणायची, "ठरनं." त्यानंतरच नारळ फुटायचा. नारळ फुटला नाही, तर ते बोलणं कोणी धरून बसत नसे. अर्धं राहिलं म्हणत आणि पुढच्या पौर्णिमेला पुढं चालू करत.

आणि लेख लिहिताना सावळीरामांनी काय केलं होतं? देवीचा एकेक शब्द जपून वेचला होता आणि कोंडाजीचं बोलणं गावगप्पा म्हणून सोडून दिलं होतं. बाजारातल्या घासाघिशीत फक्त विकणाऱ्याचं बोलणं लिहून घ्यावं आणि त्याला भाव म्हणावं, तसं झालं होतं.

"नवरात्रात नारळ फोडला होता का गं?" त्यांनी विचारलं.

आरोहीनं आठवून पाहिलं. "नाही. टोपलीत तसाच राहिला. आत्या म्हणाली, गडबडीत विसरलो."

"आजीपुढं कोण बसतं?"

"पुढं म्हणजे? सगळेच समोर असतात. लांब, सतरंजीवर."

"आजीला फोन लावतेस?"

आशाबाई आता पुरत्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या नवऱ्यानं परक्या बाईला आपणहून फोन लावायला सांगितला, हे त्यांनी लग्नापासून पाहिलं नव्हतं.

पलीकडून आधी कोंबड्या ऐकू आल्या, मग बायडाबाई. सकाळचा आवाज पार वेगळा होता, बारीक आणि थट्टेखोर.

"कोन, लेखवाले आहेर? राम राम. अमोल दावतो ना तुमचा लेख समद्यांना वाचून. लय भारी हाय म्हनतेत. मला तर कायबी कळला नाय."

"मलाही आता कळतोय," सावळीराम म्हणाले. "बायडाबाई, वारं यायचं तेव्हा तुमच्या समोर बोलायला कोण बसायचं?"

"आमचे थोरले भाऊजी बसायचे. अमोलचे चुलते. ते गेले, तवाधरून जागा मोकळीच हाय. त्यांच्या वक्ताला देवी दमायची नाय, भाऊजी बी दमायचे नाय, मीच दमायचे मधल्यामधी." त्या हसल्या. "आता काय, मी सुदीवर आले की लोक सांगतेत, माय असं म्हनली. मी इचारते, मंग तुमी काय म्हनले? तं म्हनतेत, आमी काय म्हननार, होय म्हनलो. आता देवी काय होय ऐकाया येती व्हय? होय तं गोठ्यातली गाय बी मान हालवून म्हनती."

"आरोहीबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"माझं काय वाटायचं. मी झाड. झाडाला कोन इचारतं?" आवाज एकदम खाली आला. "पन माझी शुगर तीच तपासती, आहेर. हात लय हलका हाय पोरीचा. येवढं देवीला कुनीतरी सांगाया पायजे. मला सांगता येत नाय, मी तवा नसते तिथं."

फोन बंद झाला. आरोहीनं ओढणीच्या टोकानं आपल्या चष्म्याची काच पुसली.

"म्हणजे त्या मोकळ्या जागेवर बसून आईनं देवीशी बोलायचं?" ती म्हणाली. "आई आजीसमोर मोठ्यानं शिंकत नाही, आजोबा."

"आजीसमोर बोलायचंच नाही. वाऱ्यासमोर बोलायचं. त्या वेळी समोर सासू नसते. आणि मोकळ्या जागेवर घरातलं कोणीही बसू शकतं, कोंडाजीची बायको बसली होतीच."

"पण काय बोलायचं? कसं?"

आशाबाईंनी गॅस बंद केला, ओट्यावरचा झारा उचलला, खुर्चीत ताठ बसल्या आणि केस मोकळे सोडल्यासारखी मान हलवली.

"मनं झाड थकलं," त्या जाड आवाजात म्हणाल्या. "मला नवं झाड पाहिजे. बोल रे आहेरा."

आरोही फसकन हसली. सावळीरामांनी आधी दोन्ही कान पकडले, कारण खेळातसुद्धा देवीला हलकं घ्यायचं नसतं. मग सतरंजी ओढून बायकोच्या समोर मांडी घातली.

"माय, झाड थकलं हे खरं. इतकी वर्षं सावली दिली तिनं. तिला विसावा दे."

"विसावा देते. पण फांदी दे."

"फांदी तुझीच आहे, माय. नाही कोण म्हणतंय? पण कोवळी फांदी तोडली तर वाळते, हे तुला आम्ही सांगावं का? ती शिकायला गेली आहे. आजाऱ्याच्या अंगावर हात फिरवायला शिकते आहे. तीही तुझीच सेवा. शिकून होऊ दे, मग तू आणि ती दोघी मिळून बोला."

"आणि तोवर माझा दिवा कोण लावेल?"

"मी लावीन," आरोहीची आई झाल्यासारखे ते म्हणाले. "मी पुढं बसेन, तुझं ऐकेन, तुझ्याशी बोलेन. वाडी मुकी राहणार नाही."

आशाबाईंनी झारा मांडीवर ठेवला. "बघ," त्या आरोहीला म्हणाल्या, "माझ्याशी हे गृहस्थ एवढं सलग कधी बोलले नाहीत. माहीत असतं तर लग्नातच अंगात आणलं असतं."

"आणि देवी नाही म्हणाली तर?" आरोहीनं विचारलं. आता ती हसत नव्हती.

"तर पुन्हा बोलायचं. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा. तिचं 'नाही' म्हणजे दार लावणं नसतं, ती तुमचं पुढचं म्हणणं मागत असते. नुसत्या 'होय'नं ती बोलायची थांबते, त्याची भीती जास्त."

असं म्हणताना सावळीरामांचा हात चष्म्याकडे गेला नाही.

"मग हे लिहून द्या," आरोही म्हणाली. "माझ्याकडं नको. मी नेलं, तर बाबा म्हणतील, तूच मागं लागून लिहून घेतलंस. मोबाईलवरही नको, हर्षलदादा लगेच ग्रुपवर टाकेल आणि सगळे त्याला फक्त हात जोडतील. पोस्टानं येऊ द्या, तुमच्या अक्षरात. होळीच्या पौर्णिमेला वारं येतं, त्याच्या आत."

ती गेल्यावर त्यांनी कागद घेतला. मन म्हणालं, तू कोण सांगणारा? त्यांनी ते आशाबाईंना बोलून दाखवलं.

"लेख लिहिताना कोण होतात?" त्या म्हणाल्या. "तोच माणूस."

एकही कागद न फाडता त्यांनी पत्र लिहिलं.

'सौ. तेजस्विनीताई, उत्तराला फार उशीर झाला. हे पत्र आधी अमोलरावांना वाचून दाखवावं, ही विनंती. अमोलराव, तुम्ही लाल रेघ मारलेलं वाक्य माझं आहे, म्हणून ते मागं घ्यायचा अधिकारही माझा आहे. ते वाक्य अपुरं आहे. वाऱ्याची बोली ही दोघांची बोली असते. देवी पहिला शब्द टाकते, पुढं बसणारा त्याला उत्तर देतो, आणि दोघांचं 'ठरलं' झाल्यावर नारळ फुटतो. नवरात्रात देवीनं तुमच्यासमोर तीन वेळा शब्द टाकला आणि तीनही वेळा तिला उत्तर मिळालं नाही. नारळ टोपलीत राहिला. याचा अर्थ काही ठरलेलं नाही. तुमच्या थोरल्या काकांची जागा रिकामी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ते असते तर काय बोलले असते, ते आठवा. ताई, होळीच्या पौर्णिमेला तुम्ही त्या जागेवर बसा. घाबरू नका. तिला माय म्हणा, झाड थकलंय हे मान्य करा, आणि आरोहीबद्दल जे मला लिहिलंत ते तिला सांगा. ते तिलाच सांगायचं होतं. देवीला कुणीतरी सांगायला हवं, असं बायडाबाई स्वतः मला फोनवर म्हणाल्या आहेत. देवी काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. तुम्ही बोलायला हवं, हे मात्र मी खात्रीनं सांगतो.'

खाली त्यांनी पूर्ण सही केली आणि फोन नंबर लिहिला, जो ते सहसा कोणाला देत नसत.

पोस्टात रांग होती. सावळीराम पाकीट छातीशी धरून उभे राहिले. काउंटरवरच्या मुलानं पाकीट वजनाला टाकलं.

"देवळा तालुका. स्पीड पोस्ट करू का, काका?"

"होळीच्या आत पोचेल?"

"उद्या-परवा पोचेल."

"मग स्पीड पोस्ट."

शिक्का बसला. मुलानं पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि पावती पुढे सरकवली. सावळीराम ते पोतं पाहत तसेच उभे होते.

"काका, झालं असेल तर सरकता का जरा?" मागची बाई म्हणाली.

"झालं," ते म्हणाले आणि बाजूला झाले.